महिला सायकलिंग संघाच्या दोन दिवसांच्या सराव शिबिराला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझे वय ३६, राहणार पुणे. दीड वर्षापासून रोड बाइक चालवते आणि दर रविवारी एकटीने ५० ते ६० किलोमीटर करते. एका महिला सायकलिंग संघाने वाईला होणाऱ्या शनिवार-रविवारच्या सराव शिबिराला बोलावले आहे. दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढायचा आहे. गटात चालवण्याचा मला अजिबात अनुभव नाही आणि माझ्यामुळे सगळ्यांना ताटकळत थांबावे लागेल, अशी भीती वाटते. पाळीही त्याच दिवसांत येण्याची शक्यता आहे. जावे का? आणि जायचे ठरवले तर तयारी कशी करावी?"

ताई, अवश्य जा. गेली बारा वर्षे मी अशा शिबिरांत आधी सहभागी म्हणून आणि नंतर मार्गदर्शक म्हणून जात आले आहे. तुम्ही लिहिलेली भीती पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडून मी ऐकली आहे, आणि ती चुकीच्या जागी आहे असे माझे ठाम मत झाले आहे. हळू चालवणाऱ्या बाईचा गटाला त्रास होत नाही. जिच्या हालचालींचा अंदाज येत नाही आणि जी आपली भूक, दुखणे किंवा दमणूक वेळेवर बोलून दाखवत नाही, तिचा त्रास होतो. या दोन्ही गोष्टींचा पायांतल्या ताकदीशी काही संबंध नाही आणि दोन्ही दोन दिवसांत शिकता येतात. खरे तर शिबिर त्याचसाठी असते.

वेगातील फरकाची सोय नीट आखलेल्या शिबिरात आधीच केलेली असते. वेगानुसार दोन किंवा तीन गट पाडले जातात, प्रत्येक गटाच्या शेवटी एक अनुभवी सायकलपटू राहते, थांबून एकत्र येण्याच्या जागा आदल्या रात्री नकाशावर दाखवल्या जातात आणि मागून गाडी येत असते. नाव नक्की करण्यापूर्वी संयोजकांना चार गोष्टी विचारून घ्या : सर्वांत सावकाश गटाचा सपाटीवरचा वेग किती असेल, शेवटी कोण राहणार, गाडी कुठपर्यंत सोबत असेल आणि जवळचे रुग्णालय कोणते ठरवले आहे. याची उत्तरे लगेच मिळाली, तर शिबिर जबाबदार माणसांच्या हातात आहे असे समजा. "या तुम्ही, बघू तिथे" असे उत्तर आले, तर दुसरे शिबिर शोधा. शिबिर शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी आहे की हौशी सायकलपटूंसाठी, हेही विचारा. संगमनेरच्या प्रणिता सोमण किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळे यांच्यासारख्या खेळाडू ज्या तऱ्हेचा सराव करून राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्या, तो सराव वेगळा. नोकरी आणि संसार सांभाळून रविवारी चालवणाऱ्या बायकांचा वेगळा. दोघींना एका वेळापत्रकात बसवले, तर कोणाचेच भले होत नाही.

शनिवार बहुधा सपाट रस्त्यावर जाईल. वाईहून मेणवली, धोम आणि पुढे जलाशयाच्या काठाने बलकवडीच्या दिशेला जाणारा रस्ता या कामासाठी मला फार आवडतो, कारण सकाळी रहदारी कमी असते आणि चढ-उतार सौम्य असल्यामुळे सगळे लक्ष शेजारणीकडे देता येते. पहिला सराव जोडीने चालवण्याचा असतो. हँडलला हँडल समांतर ठेवायचे, वेग बदलायचा नाही आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता तिच्या खांद्यापलीकडच्या रस्त्यावर ठेवायची. एकटीने चालवणाऱ्या बायकांना हेच सर्वांत अवघड जाते. शेजारी कोणी आले की त्यांची कोपरे ताठ होतात, कोपरे ताठ झाली की हँडल थरथरते, आणि हँडल थरथरले की दोघीही घाबरतात.

काही वर्षांपूर्वी एका शिबिरात बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. एकटीने शंभर किलोमीटर करण्याची त्यांची तयारी होती, परंतु मी शेजारी आले की त्या रस्त्याच्या कडेच्या मातीपर्यंत सरकत. कोपरे सैल सोडा, असे मी तीनदा सांगितले. काही उपयोग झाला नाही. मग मी विचारले, "तुमच्याकडे गोड्या मसाल्याची आमटी कशी करतात?" त्यांनी चिंच-गुळापासून सुरुवात केली. फोडणीपर्यंत येईतो त्यांची कोपरे वाकली होती, खांदे खाली आले होते आणि आमच्या दोघींच्या हँडलमध्ये एक वीत अंतर राहिले होते. त्यांना ते कळलेही नव्हते. तेव्हापासून नवख्या सायकलपटूला जोडीच्या सरावात मी बोलतेच ठेवते. तुमच्या मार्गदर्शकांनी विचारले नाही, तर तुम्हीच शेजारणीशी बोलायला सुरुवात करा. सलग वाक्ये बोलता येत आहेत, म्हणजे वेगही योग्य आहे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही.

त्यानंतर एकामागे एक अशी रांग लावतात. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सपाटीवर आपली बहुतेक शक्ती वाऱ्याला बाजूला सारण्यात जाते. पुढचीच्या मागे जवळ राहिले, तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणूनच सगळ्या जणी आळीपाळीने पुढे येतात. मागे वळून रस्ता मोकळा आहे याची खात्री करायची, किंचित उजवीकडे सरकायचे, पायडल मारणे न थांबवता वेग थोडा उतरवायचा आणि रांग आपल्या डावीकडून पुढे गेली की शेवटच्या चाकामागे लागायचे, एवढाच तो क्रम आहे. नवीन बाईकडून येथे हमखास एक चूक होते. आपली पुढे जाण्याची पाळी आली की ती जोर दाखवते. वेग २६ वरून एकदम ३० वर जातो, रांग ताणली जाते आणि मागची तुटते. पुढे आल्यावर वेग जसाच्या तसा ठेवायचा. जमत नसेल, तर वीस सेकंदांत बाजूला व्हायचे. वीस सेकंदच पुढे राहिली म्हणून कोणी नाव ठेवत नाही. झटका दिला तर मात्र ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

अंतर किती ठेवावे, याचा आग्रह पहिल्या दिवशी धरू नका. आधी एका सायकलीइतके ठेवा. विश्वास बसला की एका चाकाइतके करा. आपले पुढचे चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही शिरू देऊ नका, कारण ती खड्डा चुकवायला जराशी सरकली आणि चाकाला चाक घासले, तर तिला काहीच होत नाही. मागची मात्र पडते. गटात होणारे बहुतेक अपघात मी याच पद्धतीने झालेले पाहिले आहेत. खड्डा, खडी, गतिरोधक, कुत्रा, समोरून येणारी गाडी, हे सगळे हाताने दाखवायचे आणि तोंडानेही ओरडून सांगायचे असते. आपल्याकडच्या मुलींना रस्त्यावर मोठ्याने ओरडण्याचा संकोच वाटतो आणि तो घालवायला पूर्ण सकाळ लागते. "खड्डा डावीकडे!" हे शब्द मागच्या पाचवीपर्यंत पोहोचले पाहिजेत, इतक्या मोठ्याने ते उच्चारायचे. हिवाळ्यात वाईच्या परिसरात उसाच्या ट्रॉल्या चालू असतात. दोन ट्रॉल्या जोडून ओढणारा ट्रॅक्टर दिसला की ट्रॅक्टर गेला म्हणून सरळ होऊ नका. दुसरी ट्रॉली हेलकावे खात येत असते आणि तिच्याबाहेर ऊस लोंबत असतो.

आता घाटाविषयी, कारण तुमची खरी झोप त्यानेच उडवली असावी. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी साधारण १,२९० मीटरवर आहे. पसरणी घाटाचा रस्ता जेमतेम अकरा किलोमीटरचा धरला, तर चढ सरासरी ५ टक्के पडतो. हा भिंतीसारखा चढ नाही. लांब आणि एकसारखा चढ आहे. सिंहगडाचा रस्ता चढलेल्या बाईला तो सौम्य वाटतो. तुमचे आणि सायकलीचे मिळून वजन ७० किलो असेल आणि तुम्ही ताशी १० किलोमीटरने चढत असाल, तर साधारण ११० वॉट शक्ती लागते. दीड वर्ष नियमित चालवणारी निरोगी बाई एवढी शक्ती तास-सव्वा तास देऊ शकते. प्रश्न गिअरचा असतो. तुमच्या सायकलीला पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे ३२ दात्यांचे मोठे चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते, म्हणजे ताशी १० किलोमीटरला मिनिटाला सुमारे ७५ फेरे पडतात आणि गुडघ्यांवर ताण येत नाही. पण पुढे ३९ आणि मागे २५ एवढाच हलका गिअर असेल, तर त्याच वेगाला फेरे पन्नासवर येतात. प्रत्येक फेरा दाबून मारावा लागतो आणि सातव्या-आठव्या किलोमीटरला गुडघे बोलू लागतात. आजच सायकल उलटी करून दाते मोजा. मागचे चक्र बदलायचे असेल तर शिबिराच्या किमान तीन आठवडे आधी बदला, कारण चेनची लांबी आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) त्याला जुळतो की नाही, हे मेकॅनिकला पाहावे लागते.

चढताना सुरुवातीची दोन किलोमीटर तुम्हाला फार सोपी वाटली पाहिजेत. वाई मागे पडून वळणे सुरू झाली की अंगात उत्साह असतो, पुढे चार जणी दिसत असतात आणि पाय आपोआप जोर लावतात. तेथे लावलेला जोर वरच्या टप्प्यात व्याजासकट वसूल होतो. आपली वाक्ये बोलण्याची कसोटी येथेही लावा; मात्र चढावर तीन-चार शब्दांची वाक्ये पुरेत. वळणाच्या आतल्या बाजूला चढ तीव्र असतो, म्हणून मागून गाडी नसेल तर वळण थोडे बाहेरून घ्या. घाटात माकडे असतात. खाण्याची पिशवी हँडलला लोंबती ठेवू नका आणि त्यांच्यासमोर थांबून खाऊ नका. थांबावेसे वाटले, तर वळणावर न थांबता सरळ, मागच्या गाडीला लांबून दिसेल अशा जागी थांबा आणि सायकल डांबरावरून पूर्ण खाली घ्या.

मला घाट चढण्यापेक्षा उतरण्याची अधिक काळजी वाटते, आणि शिबिरात या विषयाला पुरेसा वेळ देत नसतील तर तो मागून घ्या. रविवारी नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या वर येऊ लागतात आणि त्यांतील काही वळणावर आपली बाजू सोडून येतात. म्हणून उतरण्यासाठी दहा वाजण्याची वाट पाहण्यापेक्षा पाचगणीला चहा आणि नाश्ता आटोपशीर ठेवून लवकर निघणे चांगले. हात हँडलच्या खालच्या भागात, बोटे ब्रेकवर, वजन किंचित मागे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक धरून ठेवायचा नाही. बाहेरच्या बाजूचे पायडल खाली आणि त्यावर वजन. नजर वळण जेथे संपते तेथे. दोघींमध्ये चार-पाच सायकलींचे अंतर हवे. सपाटीवर शिकलेले एका चाकाचे अंतर येथे पूर्णपणे विसरायचे. पुढचा ब्रेक जास्त काम करतो, पण खडीवर तोच पाडतो, म्हणून खडी दिसली की आधीच वेग उतरवा आणि त्यावरून सरळ जा. घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना थंडीच्या दिवसांत छाती गारठते आणि बोटे बधिर होऊन ब्रेक दाबेनासे होतात. वारा अडवणारे पातळ जॅकेट खिशात ठेवा. ते नसेल, तर चहाच्या टपरीवरून जुने वर्तमानपत्र मागून जर्सीच्या आत छातीवर पसरा. हा सायकलपटूंचा जुना उपाय आहे आणि तो उत्तम चालतो.

खाण्याबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण शिबिरे येथेच बिघडतात. रविवारचा घाट शनिवारी दुपारच्या जेवणावर चढला जातो. तुमच्या नेहमीच्या ६० किलोमीटरनंतर तुम्ही घरी येऊन विश्रांती घेता. शिबिरात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सायकलवर बसायचे असते आणि स्नायूंतली साखर त्याआधी भरून निघाली पाहिजे. बायका नेमके उलटे करतात. इतके किलोमीटर झाले तर थोडे वजनही उतरेल, या हिशेबाने शनिवारी रात्री एक भाकरी आणि पालेभाजी खाऊन झोपतात. कृपया तसे करू नका. शनिवारी राइड संपल्यावर तासाभरात वरण-भात, पोळी, उसळ, दही असे भरपेट जेवा आणि रात्रीही भात सोडू नका.

सायकलवर असताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. उकडून मीठ लावलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात २० च्या आसपास. म्हणजे तासाला एक केळे आणि दोन-तीन खजूर एवढे किमान हवे. खजूर, राजगिऱ्याची वडी, चिक्की, गूळपोळीचे तुकडे, जे घरी पोटाला सोसलेले आहे तेच न्या. शिबिरात कोणी नवीन जेल (पुडीतून पिळून खायचा साखरेचा घट्ट पाक) दिले, तर ते पिशवीत ठेवा आणि घरी आल्यावर एखाद्या लहान राइडला वापरून पाहा. ओआरएसबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून मीठ आणि पाणी मिळते, घाट चढायची ताकद मिळत नाही. ते प्यावे, पण त्याच्या जोडीला खावेही. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन पाहून.

एकदा घाटात आठव्या किलोमीटरला एक तरुण मुलगी कठड्याला टेकून उभी असलेली मला दिसली. "दमले थोडी," एवढेच ती म्हणाली. मी तिला चिक्की दिली. तिच्या बोटांना ते पारदर्शक वेष्टन फाडता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, मग दातांत धरले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. का, ते तिला सांगता येत नव्हते. तिने पहाटेपासून फक्त चहा घेतला होता आणि खिशातली दोन्ही केळी तशीच होती, कारण तिच्या पुढच्या दोघींनी खाल्ले नाही तोवर आपण कसे खायचे, असे तिला वाटले. वेष्टन मी फाडले, वीस मिनिटे आम्ही तेथे बसलो आणि मग ती स्वतः चढून वर आली. घड्याळात दर तीस मिनिटांनी वाजणारा गजर लावा आणि तो वाजला की दुसऱ्या कोणी खाओ न खाओ, तुम्ही खा.

पाळीबद्दल तुम्ही मोकळेपणाने विचारले, हे फार चांगले केले. पाळीत सायकल चालवल्याने अपाय होत नाही. पहिल्या दोन दिवसांत तुम्हाला एरवी किती त्रास होतो, हे तुम्हालाच ठाऊक. तेवढ्यावरून निर्णय घ्या. शनिवारी सकाळी पोटात कळा येत असतील, तर गटप्रमुख बाईंना सरळ सांगा आणि सावकाश गटात जा. महिलांच्या संघात हे सांगताना आवाज खाली करावा लागत नाही, आणि अशा शिबिराचे मला वाटणारे एक मोठे मोल हेच आहे. सायकलिंगच्या शॉर्ट्समध्ये आधीच जाड गादी असते आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, त्यामुळे सॅनिटरी पॅड सरकतो आणि मांडीला घासतो. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन सोयीचा पडतो. परंतु कप पहिल्यांदा वापरून पाहण्याची जागा शिबिर नव्हे. एक-दोन पाळ्या आधी घरी सवय करून घ्या. सवय झाली नसेल, तर पातळ पॅड आणि बदलायला दुसरी शॉर्ट्स गाडीत ठेवा. वेदनाशामक गोळीबद्दल सावध राहा : मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन गटातील गोळ्या, लांबची राइड आणि अंगातले कमी झालेले पाणी हे एकत्र आले की मूत्रपिंडांवर ताण येतो. आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, रिकाम्या पोटी घेऊ नका आणि पाणी कमी पडू देऊ नका. पाळी येण्यापूर्वीच्या दिवसांत शरीराचे तापमान साधारण अर्ध्या अंशापर्यंत वाढलेले असते, म्हणून त्या दिवसांत ऊन अधिक जाणवते. तो तुमच्या तयारीतला दोष मानू नका.

स्वच्छतागृहाची सोय हा प्रश्न निर्लज्जपणे विचारावा असा आहे. तो न विचारता दोन दिवस पाणी कमी प्यायचे, हा मार्ग अनेक बायका निवडतात आणि घरी येऊन मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडतात. थांबण्याच्या जागा ठरवताना तेथे बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का, हे संयोजकांनी आधी पाहिलेले असले पाहिजे.

सीटबद्दलही हाच मोकळेपणा ठेवा. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रोड रेस १८९६ मध्ये झाली आणि महिलांची पहिली १९८४ मध्ये. मधल्या ८८ वर्षांत सीट, हँडल आणि सरावाचे ठोकताळे बहुतांशी पुरुषांच्या शरीरावर बेतले गेले आणि त्याचा परिणाम आजही दुकानातल्या सायकलीवर दिसतो. सीटवर बसल्यावर बधिरपणा येणे किंवा पुढच्या नाजूक भागावर दाब येऊन दुखणे, हे "सवयीने जाईल" असे कोणी सांगितले, तर ऐकू नका. बसण्याच्या हाडांखाली सीट पुरेशी रुंद हवी. पुढचे टोक एक-दोन अंश खाली केल्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. घासण्याच्या जागी क्रीम किंवा साधे व्हॅसलीन लावा आणि राइड संपताच, गप्पांना बसण्याआधी, शॉर्ट्स बदला. ओल्या शॉर्ट्समध्ये शनिवारी दुपारी काढलेला एक तास रविवारी सकाळी फोडाच्या रूपाने भेटतो.

सायकलीची तपासणी आधीच्या आठवड्यात करून घ्या, शुक्रवारी रात्री नव्हे. ब्रेक पॅड, टायरमधले काप, चेन, एवढे पाहिले तरी बरेच झाले. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये दुकानदार १०० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) वर हवा भरून देतात. साठ किलोच्या आतील बाईला, माझ्या अनुभवाप्रमाणे, ६५ ते ७५ पीएसआय पुरते आणि घाटातल्या वळणांवर चाक चांगले धरते. दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर चाकावरून सोडवायची पट्टी), छोटा पंप आणि मागचा लाल दिवा सोबत असू द्या. पंक्चर तुम्हाला काढता येत नसेल, तर शनिवारी दुपारी ते शिकवायला सांगा आणि स्वतःच्या हाताने मागचे चाक काढून, ट्यूब बदलून पुन्हा बसवा. दुसरीने केलेले पाहून हे येत नाही.

शिबिराला चार-पाच आठवडे असतील, तर अंतर वाढवण्याच्या मागे लागू नका. तुमच्या रविवारच्या राइडला शनिवारची तीस-चाळीस किलोमीटरची सौम्य राइड जोडा, म्हणजे थकलेल्या पायांनी सायकलवर बसण्याची सवय होईल. आठवड्यातून एकदा कात्रजचा जुना घाट किंवा बोपदेव बसूनच, उभे न राहता, संथ गतीने चढा. एखादी मैत्रीण मिळाली, तर मोकळ्या रस्त्यावर शेजारी चालवण्याचा सराव करा. शेवटच्या आठवड्यात निम्मेच चालवा. आणि एक रक्ततपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे) या दोन्हींची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चढावर लागणारा दम कमी सरावामुळे आहे की लोह कमी असल्यामुळे, हे अंदाजाने कळत नाही. मी स्वतः एक संपूर्ण हंगाम अधिक मेहनत करण्यात घालवला आणि अखेर उत्तर तपासणीच्या कागदावर मिळाले.

शनिवारी रात्री सगळ्या जणी गप्पांत रमतील आणि त्या गप्पा मोलाच्या असतात, पण दहाला झोपा. घरी लहान मूल असेल तर फोनची वेळ आधी ठरवून ठेवा. घाटाच्या पायथ्याशी डबा कुठे ठेवला आहे हे सांगत उभे राहण्याची वेळ अनेकींवर आलेली मी पाहिली आहे. घरच्यांना शुक्रवारीच सर्व सांगून, लिहून द्या आणि रविवारी सकाळी सहा ते दहा फोन केवळ अडचणीसाठी आहे, हे स्पष्ट करा.

परत आल्यावर सोमवारी सायकल चालवू नका. मंगळवारी किंवा बुधवारी वीस किलोमीटर अगदी हलके करा. दोन-तीन दिवसांत पाय मोकळे झाले, भूक आणि झोप नेहमीसारखी झाली, तर शिबिर सोसले असे समजा. शिबिरानंतर उत्साहाच्या भरात चालवणे दुप्पट आणि खाणे तेवढेच, असे झाले तर शरीर आधी पाळी लांबवते, मग हाडे आणि प्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले. ती हौशी बायकांतही आढळते. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जा.

संघाच्या अर्जात "अनुभव" असा रकाना असेल. त्यात लिहा : एकटीने ६० किलोमीटर, गटाचा अनुभव नाही, घाट उतरण्याची भीती वाटते, पाळी अपेक्षित आहे. मार्गदर्शकाला या चार गोष्टी आधी कळल्या, की शनिवारी सकाळी सहा वाजता तुमच्या शेजारी कोणाला ठेवायचे, हे ती शुक्रवारी रात्रीच ठरवून ठेवते.